एकदा निवडलेलं नाव बदलता येणार नाही

विद्यापीठातल्या पहिल्याच आठवड्यात आम्हा नव्या मुलामुलींना कम्प्युटर लॅबमध्ये बसवलं आणि ज्याचं त्याचं लॉगिन नाव निवडायला सांगितलं. ग्रंथालय, होस्टेलचं वायफाय, निकाल, मेल, सगळ्याला हेच एक नाव लागणार होतं. लॅबचे सर बोलायला मोकळे होते. म्हणाले, बाबांनो, डोकं ठिकाणावर ठेवून निवडा, तुम्ही पदवी घेऊन निघून गेलात तरी हे नाव इथंच राहणार आहे. मागं एका पोरानं जोशात येऊन ‘देवणीचा वळू’ असं नाव घेतलं होतं. तो पुढं संशोधनाला इथंच थांबला आणि आता मोठमोठ्या प्राध्यापकांना त्याचे मेल त्याच नावानं जातात. सगळी लॅब हसली. मी जरा जास्तच हसले, कारण मी देवणीकडचीच, आणि आमच्या गोठ्यात तसला एक वळू होताही.

स्क्रीनवर खाली लाल अक्षरांत एक ओळ होती: एकदा निवडलेलं नाव बदलता येणार नाही.

मी माझं नाव लिहिलं. उत्तर आलं, हे नाव आधीच दुसऱ्या कुणीतरी घेतलेलं आहे. आडनाव जोडलं, तेही घेतलेलं. आडनाव आधी आणि नाव नंतर, तरी तेच. आमच्या भागात माझ्या नावाच्या आणि माझ्या आडनावाच्या मुली इतक्या आहेत की शाळेत आम्हाला उंचीवरून हाका मारायचे. शेजारचे सगळे पासवर्डपर्यंत पोहोचले होते आणि मी पहिल्याच पायरीवर अडकले होते. मला राग लवकर येतो. स्वतःच्याच नावानं ‘जागा नाही’ म्हणून परत पाठवावं, याचा तर फारच आला.

सर मागं येऊन उभे राहिले. म्हणाले, नावाला आईचं नाव जोड ना. आता सरकारी कागदावरही आपल्या नावापुढं आईचंच नाव लिहितात. मी जोडलं. लगेच हिरवी खूण आली. आता फक्त एक बटण दाबायचं होतं, आणि माझा हात माऊसवर तसाच राहिला, कारण ते नाव माझ्या आईचं नव्हतं.

हे नीट सांगायला हवं. माझ्या वडिलांचं पहिलं लग्न झालं होतं. ती बाई लग्नानंतर थोड्याच काळात तापानं गेली. मूलबाळ नव्हतं. वय असेल एकोणीस-वीस. मग माझ्या आईशी लग्न झालं. आई देगलूर तालुक्यातली, अर्धं तेलुगू बोलणाऱ्या गावातली. आमच्याकडं लग्नात नवरा तांदळाच्या ताटात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितो. माझ्या आत्यानं, म्हणजे वडिलांच्या मोठ्या बहिणीनं, आधीच ठरवून टाकलं होतं की नाव तेच लिहायचं, पहिलीचं. घरात रुळलेलं आहे, देवाला माहीत आहे, आणि गेलेल्या बाईला आपली जागा कुणी हिरावली असं वाटायला नको. वडिलांनी मुकाट्यानं लिहिलं. आई ते ताट बघत होती आणि तिला वाटलं की ते चुकून लिहिताहेत. कुणीतरी त्यांना सांगेल, म्हणून ती वाट बघत राहिली. हे तिनंच मला सांगितलं, हसत हसत.

त्या पहिलीला आमच्या घरात थोरली म्हणतात. तिचा एकही फोटो नाही. आहे तो एक टाक, चांदीचा छोटासा पत्रा, त्यावर उठवलेली बाईची आकृती. दुसरेपणावर आलेल्या बाईनं तो गळ्यात घालायचा, अशी रीत आहे. आईच्या मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात तो असतो. नवीन लुगडं आणलं की आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. सणाला पहिला घास थोरलीचा. बांगड्या भरायला बसली तरी आई पहिली बांगडी टाकावर टेकवायची आणि मग हात पुढं करायची. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्याच घरात एक न दिसणारी बाई असते आणि सगळं आधी तिला विचारायचं असतं. दुपारी घरात एकटी असले की मी पाणी पितानासुद्धा तांब्या क्षणभर थांबवायची. कुणी शिकवलं नव्हतं. घरातलं वारंच तसं होतं.

आणि आई हाकेला उशिरा ओ द्यायची. दारात कुणी येऊन तिचं नाव घेतलं की ती ऐकायची, हातातलं काम थांबवायची, आणि मग गप्प उभी राहायची. चुलीवर भाकरी असली तर करपायची. हाक मारणारी बाई पुन्हा ओरडायची, तेव्हा कुठं आई ‘आले’ म्हणायची. गावात तिला बहिरी म्हणायचे. शाळेतल्या एका मुलीनं तिची नक्कल केली तेव्हा मी तिची वेणी ओढली होती. घरी येऊन आईला रागानंच विचारलं की तू लगेच का बोलत नाहीस. आई म्हणाली, “मला वाटतं, तिला बोलावलं असंल. कोण्हीच न्हाई बोललं की मग मी बोलते.”

वडील आईला नावानं कधीच हाक मारत नसत. ‘अगं’ म्हणायचे, नाहीतर माझ्या नावानं ‘अमकीची माय’. त्यांच्या तोंडून ते नाव मी एकदाच ऐकलं. त्यांना जोराचा ताप होता, भर दुपारची वेळ होती, आणि ते डोळे मिटून ते नाव घेत होते, अगदी सावकाश, जवळ बसलेल्या माणसाला बोलावावं तसं. आई उशाशी पाण्याची वाटी घेऊन बसलेली. तिनं ओ दिली नाही. कितीतरी वेळा ते बोलावत राहिले आणि ती वाटीतल्या पाण्यात फडकं भिजवून त्यांच्या कपाळावर ठेवत राहिली. मी दारात होते. मला तेव्हा खरंच भीती वाटली. खोलीत आम्ही तिघं होतो आणि हाक चौथ्या माणसाला चालली होती.

आईचं खरं नाव मला कळलं ते येळवशीला. वेळ अमावस्येला आमच्याकडं अख्खं गाव शेतात असतं. कडब्याची कोप उभी करायची, आत पूजा मांडायची, भज्जी आणि आंबील खायची, बोलावलेल्या आणि न बोलावलेल्या सगळ्यांना वाढायचं. मी दुसरीत असेन. त्या वर्षी देगलूरकडून मोठा मामा न सांगता आला. बांधावर उभं राहून त्यानं शेताच्या पार त्या टोकाला हाक मारली, आणि एक नाव घेतलं जे मी कधी ऐकलं नव्हतं. आई विहिरीजवळ होती. तिनं तिथूनच ओ दिली, हाक संपायच्या आत. आणि ती पळाली. उभ्या ज्वारीतून, डोक्यावरचा पदर सुटलेला, परकरातल्या पोरीसारखी पळत आली. मी तिला त्याआधी पळताना पाहिलं नव्हतं. ती आमच्यासमोर येऊन उभी राहिली तेव्हा तिचा चेहराही मला ओळखीचा वाटला नाही, आणि मला मामाचा हेवा वाटला.

त्याच आठवड्यात मला ताप चढला. उतरेचना. उदगीरच्या दवाखान्यात सलाईन लागलं. आत्या भेटायला आली आणि तिनं आईला सरळ सांगितलं की थोरलीच्या शेतात, थोरलीच्या सणाला, तू दुसऱ्या नावानं ओ दिलीस. तिनं दिलेलं नाव झटकलंस. आईनं वाद घातला नाही. मी बरी झाल्यावर तिनं माहेरी निरोप धाडला की मला त्या नावानं हाक मारू नका. माहेरच्यांनी ऐकलं. मामा पुढं तिला ‘बाई’ म्हणायला लागला आणि काही वर्षांत आजी-आजोबांमागं तोही गेला. मग ते नाव घेणारं कुणी उरलं नाही. माझ्या दाखल्यांवर, मार्कशीटवर, जिथं जिथं आईचं नाव लिहायचं तिथं थोरलीचंच नाव आहे. कागदावर मी एका मेलेल्या बाईची मुलगी आहे, आणि ती बाई गेली तेव्हा आज मी आहे तेवढीच होती.

हे सगळं त्या हिरव्या खुणेपुढं बसून माझ्या डोक्यात एकदम आलं असं नाही. आलं ते एवढंच, की हे आता कायमचं होणार. मी सरांना विचारून व्हरांड्यात गेले आणि आईला फोन लावला.

आईला लॉगिन म्हणजे काय ते सांगायला वेळ लागला. कुलपाच्या किल्लीवर नाव कोरतात तसं, असं काहीतरी मी म्हणाले. मग विचारलं की तुझं माहेरचं नाव लिहू का. पलीकडं नुसता वाऱ्याचा आवाज आला. ती गोठ्यात असावी, कारण एका गाईची घंटा वाजत होती. मग ती म्हणाली की नको, कामून उगाच, कुणी वाचलं तर. मी म्हटलं की इथं वाचणाऱ्याला काहीच माहीत नाही. ती म्हणाली, तुला काही झालं म्हणजे? मी रसायनशास्त्राला प्रवेश घेतलेली मुलगी. मी तिला चांगलं झापलं. ताप विषाणूनं येतो, नावानं येत नाही, हे कितीदा सांगायचं, असं म्हणाले. आणि बोलताना माझा दुसरा हात गळ्याशी गेला होता, जिथं काही नव्हतं.

“थांब,” आई म्हणाली, “तिला इचारते.”

फोन तिनं कुठंतरी ठेवला. मला तिचं पुटपुटणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. सासूशी बोलावं तशी ती थोरलीशी बोलायची, हळू आणि मान खाली घालून. आयुष्यभर तिनं हे विचारणं केलं होतं. विचारून झालं की थोडा वेळ थांबायची आणि मग जे घरातल्यांना हवं तेच थोरलीला हवं आहे असं समजून उठायची. या वेळी ती बराच वेळ थांबली. लॅबमधून सरांनी एकदा डोकावून पाहिलं. मी हातानं थांबा म्हटलं आणि पुन्हा फोन कानाशी धरला, आणि खरं सांगते, मीही ऐकत होते. पलीकडं दोन बायका आहेत आणि त्यातली एक आता काहीतरी बोलेल, असं वाटत होतं.

आईनं फोन उचलला. “काही बोलली न्हाई,” ती म्हणाली. मग म्हणाली, “ती कव्हाच काही बोलली न्हाई.”

मी विचारलं, मग लिहू? तिनं ‘हाव’ म्हटलं. म्हटलं, आणि लगेच म्हणाली की आता ठेव, मला घाबरल्यासारखं होऊन राहिलं.

मी आत गेले आणि लिहिलं. नुसतं तेवढंच, पुढं माझं नाव नाही, आडनाव नाही, आकडा नाही. हिरवी खूण लगेच आली. इतक्या मोठ्या विद्यापीठात ते नाव कुणीच घेतलेलं नव्हतं. मी बटण दाबलं आणि स्क्रीनवर आलं, तुमचं स्वागत आहे, आणि त्यापुढं माझ्या आईचं नाव. ते मी इथं लिहीत नाही. लॉगिन नाव कुणाला सांगायचं नसतं म्हणून नाही. ज्यांच्या तोंडी ते शोभायचं ती माणसं गेली, म्हणून.

सांगायचं नसलं तरी ते लपत थोडंच. प्रयोगशाळेच्या गटात, वर्गाच्या याद्यांत, मेलमध्ये सगळीकडं तेच दिसायला लागलं. वर्गात माझ्या नावाच्या आणखी दोघीजणी होत्याच. मग पोरींनी सोपं केलं आणि मला त्या नावानं हाक मारायला सुरुवात केली. महिनाभरात होस्टेलमध्ये माझं खरं नाव फक्त खोलीतल्या मैत्रिणीला आठवत होतं. आणि मी हाकेला उशिरा ओ द्यायला लागले. व्हरांड्यातून हाक यायची, मी पेन थांबवायची, आणि कुणीतरी दुसरं बोलेल म्हणून गप्प राहायची. पोरी म्हणायच्या, कान साफ कर गं. मला आईची करपलेली भाकरी आठवायची.

दसऱ्याच्या सुमारास होस्टेलमध्ये तापाची साथ आली. अर्ध्या पोरी आडव्या. मीही पडले. दुपारी खोलीत एकटीच असायची, पडदा ओढलेला, पंखा घरघरत असायचा, आणि दारापलीकडून आईचं ते नाव ऐकू यायचं. अगदी सावकाश, जवळ बसलेल्या माणसाला बोलावावं तसं. उठून बघितलं तर व्हरांड्यात वाळत घातलेले कपडे असायचे. मला माहीत होतं की हा तापाचा खेळ आहे. माहीत असून मी चादर डोक्यावर ओढून घ्यायची. पहिल्यांदा मला कळलं की आत्यानं आईला किती घाबरवून ठेवलं होतं, आणि त्या भीतीत आई इतकी वर्षं उठत-बसत, स्वयंपाक करत राहिली होती. घरी काही सांगायचं नाही असं मी ठरवलं. पण आईचा फोन आला तेव्हा मी झोपले होते. तो मैत्रिणीनं उचलला आणि सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी आई दारात उभी. उदगीरवरून पहिल्या गाडीनं आलेली, हातात डब्याची पिशवी, तोंड उतरलेलं. विद्यापीठ गावाबाहेर, गेटपासून होस्टेल केवढं लांब. ती एकटी विचारत विचारत आली होती. तिनं माझ्या कपाळाला हात लावला. ताप उतरला होता. तरी हात काढला नाही. मैत्रिणीनं खुर्ची दिली, ती बसली नाही. कॉटच्या कडेला टेकली आणि म्हणाली, “नाव बदल.”

मी म्हटलं की साथ आहे, सगळ्यांनाच ताप आहे. हिलाही येऊन गेला. मैत्रिणीनं मान डोलावली आणि प्रसंग ओळखून पाणी आणायला निघून गेली.

आई म्हणाली की मी त्या दिवशी नाही म्हणायला पाहिजे होतं. थोरली काही बोलली नाही, तेव्हाच मी समजायला पाहिजे होतं. दोनदा झालं आता, तिसऱ्यांदा कशाला बघायचं. मी तिला सांगितलं की बदलता येत नाही. तिला वाटलं मी टाळते आहे. मग मी लॅपटॉप उघडून ती लाल अक्षरांतली ओळ दाखवली. आई हळूहळू वाचते. ओठ हलवत तिनं ती सबंध वाचली आणि वरच्या कोपऱ्यातलं इंग्रजी अक्षरांतलं नाव मी बोट ठेवून तिला वाचून दाखवलं. ते तिनं ऐकलं आणि मान फिरवली. तिची मूठ टाकावर आवळली होती. ती रडत होती आणि माझ्यावर चिडलीही होती. मला वाटलं की मी हिला पुन्हा त्या दवाखान्याच्या बाकड्यावर नेऊन बसवलं.

तेवढ्यात व्हरांड्याच्या टोकाकडून हाक आली. वर्गातली एक मुलगी प्रयोगाची वही मागायला येत होती. तिनं लांबूनच माझं लॉगिन नाव घेतलं, मोकळ्या गळ्यानं, बांधावरून मारावी तशी हाक.

“ओ,” आई म्हणाली.

हाक संपायच्या आत. मी नेहमीसारखी थांबले होते. आई थांबली नाही. ती कॉटवरून उठून उभीही राहिली होती, दाराकडं तोंड करून, आणि मग तिचं तिला कळलं आणि ती तशीच उभी राहिली. तिची मूठ सुटली होती. मुलगी दारात आली आणि एकदा माझ्याकडं, एकदा आईकडं बघायला लागली. मी काही बोलणार तर आईनंच तिला म्हटलं, “पुन्हा एकदा म्हण की, माय.”

मुलगी गोंधळली. पण तिनं पुन्हा ते नाव घेतलं, या वेळी जरा हळू. आईनं ओ दिली नाही. ती नुसती ऐकत राहिली. पंखा घरघरत होता. मी वाट बघत होते की आता तिचा हात टाकाकडं जाईल. तो गेला नाही.

मग तिनं डोळे पुसले आणि पिशवीतून डबा काढला. धपाटे होते. पहिल्या धपाट्याचा तुकडा मोडून तिनं नेहमीप्रमाणे थोरलीसाठी कागदावर बाजूला ठेवला. ठेवताना त्या तुकड्याकडं बघून म्हणाली, “तिचं नाव तिला असू दे आता. पोरीच्या वयाची गेली बिचारी, नावबी मीच वापरलं लई वर्षं.”

मैत्रीण पाणी घेऊन परतली होती; उरलेले धपाटे तिनं आम्हा तिघी मुलींना वाढले. नाव बदल असं ती पुन्हा म्हणाली नाही.